अमेरिकेतल्या सेटवर बंदूक येणार असेल तर: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

अमेरिकेत फिल्म स्कूलला आलेल्या किंवा नुकतंच सेटवर काम मिळालेल्या आपल्या मुलामुलींचे मेसेज येत असतात, त्यात हल्ली एक प्रश्न हमखास असतो. "ताई, पुढच्या शूटला गन आहे, काही काळजी घ्यायची असते का?" असते, बरीच असते, आणि ती कुणी आपणहून सांगत नाही कारण इथे सगळे धरून चालतात की बंदुकीबद्दल प्रत्येकाला थोडंफार माहीतच असणार. मी कॅमेरा डिपार्टमेंटला असते, म्हणजे फोकस, लेन्सा, स्लेट असली कामं, आणि बंदुकीचा शॉट लागला की नळीच्या समोर आम्हीच असतो. म्हणून हे सगळं नळीच्या पुढच्या बाजूने लिहिलंय असं समजा. आर्मरर, म्हणजे सेटवरच्या बंदुका सांभाळणारा जबाबदार माणूस, कसं व्हायचं ते यात मिळणार नाही.

१. सगळ्यात आधी आपला व्हिसा

हे कुठल्याच सेफ्टी मीटिंगमध्ये सांगत नाहीत कारण बाकीच्या क्रूला हा प्रश्नच नसतो. तुम्ही एफ-१ वर असाल, एच-१बी वर असाल, म्हणजे थोडक्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल, तर खरी बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा फेडरल कायद्याखाली गुन्हा आहे. काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ शिकारीचं वैध लायसन्स असणं, पण ते आपल्यापैकी कितीजणांकडे असणार! ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही.

आता शूटपुरतं पाच मिनिटं हातात धरणं म्हणजे "बाळगणं" झालं का, ब्लँक म्हणजे गोळी नसलेलं काडतूस त्यात येतं का, हा कीस वकिलांनी पाडावा, आपण त्यात पडायचंच नाही. कुणी सहज म्हणेल "हे जरा धर, मी पाणी पिऊन येतो". हात पुढे करायचा नाही. सरळ सांगायचं, "मी व्हिसावर आहे, मला हात लावता येत नाही". आजवर कुणी वाईट वाटून घेतलेलं मी पाहिलं नाही, उलट प्रॉप्सवाल्यांना बरंच वाटतं.

स्टुडंट फिल्मवाल्यांसाठी अजून एक. "तू दुकानातून गन घे, पैसे प्रोडक्शन देईल" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर बंदूक घेणं हा वेगळा फेडरल गुन्हा आहे, त्याला स्ट्रॉ परचेस म्हणतात, आणि दुकानात जो ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो त्यात नागरिकत्व आणि व्हिसाबद्दलही विचारलेलं असतं. तिथे खोटं लिहिलं की तो आणखी एक गुन्हा.

२. शूटच्या आधी मागायचे कागद

तुम्ही कितीही ज्युनियर असा, हे मागायचा हक्क तुम्हाला आहे. मेलवर मागा, तोंडी नको.

- कॉल शीट, म्हणजे त्या दिवसाच्या शूटचा सगळ्यांना पाठवलेला कार्यक्रम. ज्या दिवशी बंदूक असेल त्या दिवशीच्या कॉल शीटवर तसं स्पष्ट लिहिलेलं असायला हवं, आणि कुठल्या सीनला, ब्लँक आहे की नुसती नकली, हेही.
- सेफ्टी बुलेटिन नंबर १. हॉलिवूडच्या युनियन आणि स्टुडिओंच्या संयुक्त सेफ्टी कमिटीने काढलेलं आहे, बंदुका आणि ब्लँकबद्दलचं. चांगलं प्रोडक्शन ते कॉल शीटला जोडूनच पाठवतं. हा कायदा नाही, शिफारशी आहेत, पण काही झालं की चौकशीत पहिला प्रश्न याच कागदावरून निघतो.
- आर्मरर कोण आहे, त्याचं नाव आणि अनुभव. कॅलिफोर्नियात असाल तर एंटरटेनमेंट फायरआर्म्स परमिट (शूटिंगसाठी बंदूक हाताळायचा सरकारी परवाना) आहे का.
- शूटिंगचं परमिट, आणि बाहेरचं लोकेशन असेल तर पोलिसांना कळवल्याचा पुरावा.
- इन्शुरन्समध्ये शस्त्रांचा उल्लेख आहे का. छोट्या फिल्ममध्ये बऱ्याचदा नसतो, आणि नसेल तर खरी बंदूक सेटवर आणायचा विषयच मिटला.

स्वतःच्या बॅगेत: कानात घालायचे प्लग, डोळ्यांचा सेफ्टी चष्मा, छोटा टॉर्च. प्लग प्रोडक्शनने द्यायचे असतात पण आपले आपल्याकडे असलेले बरे.

३. सेटवर कोणाचं काम काय, हे बघून घ्या

बंदुकीचा मालक सेटवर एकच, आर्मरर (किंवा तशी पात्रता असलेला प्रॉपर्टी मास्टर, म्हणजे प्रॉप्सचा प्रमुख). बंदूक पेटीतून काढणार तो, भरणार तो, अ‍ॅक्टरच्या हातात देणार तो, कट म्हटल्यावर परत घेणार तोच. फर्स्ट एडी म्हणजे फर्स्ट असिस्टंट डिरेक्टर हा सेटवरच्या सेफ्टीला जबाबदार असतो, सगळ्यांना मोठ्याने सांगणं, मीटिंग घेणं हे त्याचं काम. पण बंदूक आणून देणं हे त्याचं काम नाही.

इथे एक मोठा सापळा आहे. कमी बजेटच्या फिल्मवर आर्मररला दुसरंही काम देतात, की बाई तू प्रॉप्सही बघ. मग एका हातात दारूगोळा आणि दुसऱ्या हातात नटाची टोपी आणि खोटी सिगरेट. 'रस्ट' या फिल्मवर (जिथे २०२१ मध्ये सेटवर खरी गोळी सुटून सिनेमॅटोग्राफर गेली, पुढे पाचव्या मुद्द्यात आहे) हेच झालं होतं, तिथली आर्मरर प्रॉप्सचंही काम करत होती. कॉल शीटवर एकाच माणसाचं नाव दोन ठिकाणी दिसलं की प्रोडक्शनला विचारा, बंदुकीच्या दिवशी प्रॉप्स कोण बघणार?

४. लाइव्ह, ब्लँक आणि डमी: हा फरक पाठ करा

लाइव्ह म्हणजे खरं काडतूस. पुढे शिशाची गोळी, आत दारू, मागे प्रायमर म्हणजे ठोकला की ठिणगी देणारी टिकली. हे शूटिंगच्या सेटवर येता कामा नये, कुठल्याही कारणाने, कुणाच्याही खिशात.

ब्लँकमध्ये दारू असते, प्रायमर असतो, गोळी नसते, तोंड चुरगळून बंद केलेलं असतं. आवाज आणि जाळ खरा. गोळी नाही म्हणून लोक याला फटाका समजतात आणि तिथेच घात होतो. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या २६ वर्षांच्या अ‍ॅक्टरने शूटिंगमधल्या रिकाम्या वेळात गंमत म्हणून ब्लँक भरलेली पॉइंट ४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर कपाळाच्या बाजूला लावली आणि चाप ओढला. नुसत्या दाबाने कवटीचा तुकडा आत मेंदूत गेला, काही दिवसांत तो वारला. गोळी कुठेच नव्हती.

डमी दिसायला हुबेहूब खरं, गोळीसकट, पण आत दारू नाही, जिवंत प्रायमरही नसायला हवा. क्लोजअपमध्ये रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमधून गोळ्यांची टोकं दिसतात ना, तिथे हे लागतं. आणि माझ्या मते तिन्हींत जास्त भीती याचीच बाळगावी, कारण डमी आणि लाइव्ह नुसतं बघून ओळखता येत नाही. चांगल्या डमीच्या आत छर्रा टाकलेला असतो, कानाशी धरून हलवला की खुळखुळतो, किंवा बाजूला आरपार भोक पाडलेलं असतं. ज्या आर्मररसोबत मी पहिल्यांदा काम केलं त्या बाई एकेक काडतूस कॅमेरा क्रूच्या कानाजवळ नेऊन हलवायच्या, चेहऱ्यावर रेष न हलवता, सहाच्या सहा, आणि "ऐकू आलं?" असं प्रत्येकाला विचारायच्या. नुसती मान हलवलेली चालायची नाही, हो म्हणावं लागायचं.

१९९३ मध्ये 'द क्रो'च्या सेटवर ब्रँडन ली गेला तो डमी आणि ब्लँक या दोघांच्या जोडीने. खऱ्या काडतुसातली दारू काढून डमी बनवले होते पण प्रायमर तसाच राहिला. त्या प्रायमरच्या जोरावर गोळी सुटून नळीत अर्ध्यात अडकली, कुणी नळीत डोकावून पाहिलं नाही. पुढे वेगळ्या सीनला त्याच बंदुकीत ब्लँक भरला, आणि मागून ब्लँकचा जोर लागल्यावर अडकलेली गोळी खऱ्या गोळीसारखीच बाहेर आली. म्हणून नळीतून टॉर्च मारून बघायचं असतं, प्रत्येक वेळी. त्यासाठी तो टॉर्च.

५. "कोल्ड गन" असं ओरडल्यावर काय करायचं

थांबायचं, आणि दाखवा म्हणायचं.

२१ ऑक्टोबर २०२१ ला न्यू मेक्सिकोत सँटा फेजवळच्या बोनान्झा क्रीक रँचवर 'रस्ट'ची रिहर्सल चालली होती, टेकसुद्धा नाही, नुसती रिहर्सल. "कोल्ड गन" म्हणजे रिकामी किंवा बिनधोक बंदूक, असं जाहीर झालं. आत लाइव्ह राऊंड होता. गोळी सिनेमॅटोग्राफर हलिना हचिन्सच्या आरपार गेली आणि मागे असलेल्या डिरेक्टर जोएल सूझाच्या खांद्यात घुसली. हलिना त्यातच गेली, ४२ वर्षांची होती. त्याआधी काही दिवस याच सेटवर बंदुका चुकून उडाल्या होत्या, आणि कॅमेरा क्रूमधले काहीजण त्याच सकाळी काम सोडून निघून गेले होते.

पुढचं कोर्टाचं थोडक्यात: आर्मररला २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी दीड वर्षाची शिक्षा झाली, फर्स्ट एडीने शस्त्राच्या निष्काळजी वापराच्या आरोपावर तडजोड करून प्रोबेशन घेतलं, आणि बंदूक हातात असलेला अ‍ॅक्टर-प्रोड्युसर अलेक बाल्डविन याच्यावरची केस जुलै २०२४ मध्ये जजने मधेच रद्द केली, कारण सरकारी पक्षाने पुरावा बचावपक्षाला दिला नव्हता. राज्याच्या कामगार सुरक्षा विभागाने प्रोडक्शनला १,३६,७९३ डॉलर दंड लावला, नंतर तडजोडीत तो एक लाखावर आला.

आता चेक कसा व्हायला हवा. रिव्हॉल्व्हर असेल तर आर्मरर सिलिंडर उघडून प्रत्येक घर दाखवतो, मग नळीतून टॉर्च. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन (काडतुसं भरलेली डबी) काढायचं, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून लॉक करायची आणि चेंबर (काडतूस बसतं ती नळीमागची जागा) दाखवायचं. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि नंतर मॅगझिन काढलं, तर चेंबरमध्ये नवीन काडतूस चढलेलं असतं आणि सगळ्यांना वाटतं रिकामी आहे. हे तुम्हाला स्वतः करायचं नाहीये (व्हिसा आठवा), पण क्रम माहीत असला की समोरचा चुकतोय हे कळतं.

ज्यांच्याकडे नळी वळणार आहे त्या सगळ्यांना हा चेक बघायचा अधिकार आहे. दुपारी जेवून आलात, बंदूक मधे पेटीत गेली होती, अ‍ॅक्टर बदलला, तर परत चेक. "सकाळी बघितलं की" याला काही अर्थ नाही.

६. शॉट चालू असताना

कॅमेराच्या दिशेने गोळी झाडायचा शॉट असेल तर पहिला प्रश्न हा की कॅमेराच्या मागे माणूस लागतोच का? बहुतेक वेळा लागत नाही. फोकस वायरलेसने होतो, मॉनिटर लांब ठेवता येतो, कॅमेरा लॉक करून सगळ्यांनी बाजूला व्हायचं. हँडहेल्डच हवा असा डिरेक्टरचा हट्ट असेल तर मधे जाड पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पडदा हवा आणि नळी कॅमेराच्या थोडी बाजूला रोखायची. लेन्समधून ते कळत नाही, मी बघितलंय, थोडा कोन असला तरी पडद्यावर बंदूक सरळ तुमच्यावरच रोखलेली वाटते.

आणि ब्लँक असेल तर कानात प्लग, रिहर्सलपासून. बंद खोलीत एकच ब्लँक उडाला तरी कान दिवसभर वाजत राहतात.

७. नकली असेल तरी

हल्ली बरीच प्रोडक्शन्स खरी बंदूक आणतच नाहीत. रबराची, एअरसॉफ्टची, नाहीतर आतून घट्ट बंद केलेली नकली वापरतात आणि जाळ, धूर, काडतुसाची रिकामी पुंगळी हे सगळं नंतर कॉम्प्युटरवर. 'रस्ट'नंतर 'द रुकी' या टीव्ही मालिकेने एअरसॉफ्टच वापरायचं ठरवलं, ड्वेन जॉन्सनने आपल्या कंपनीच्या फिल्ममध्ये खऱ्या बंदुका नकोत असं जाहीर केलं. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये फिल्म टॅक्स क्रेडिटच्या कायद्यातच सेटवरच्या शस्त्रांचे नियम घातले. तुमच्या फिल्मचं बजेट नाही असं कुणी म्हणेल तर जाळ टाकायला आता कॉलेजातली पोरंही शिकलेली असतात हे सांगा. बंदूक उडताना बसणारा झटका तेवढा अ‍ॅक्टरला हाताने द्यावा लागतो, आणि तो न जमणारे अ‍ॅक्टर बघताना हसू येतं हे मात्र खरं.

पण नकलीचा वेगळाच धोका आहे, रस्त्यावरचा. खेळण्यातल्या बंदुकीला पुढे नारिंगी टोक लागतं असा इथला कायदा आहे, शूटिंगसाठी ते झाकलेलं किंवा काढलेलं असतं, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला ती खरीच. २०१४ मध्ये क्लीव्हलंडला एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन बागेत खेळणाऱ्या १२ वर्षांच्या मुलाला पोलिसांनी गोळी घातली होती, त्या पिस्तुलाला नारिंगी टोक नव्हतं. आणि इथे आपल्या रंगाच्या माणसाने हातात अशी वस्तू घेऊन पार्किंग लॉटमधून चालत जाणं, कृपा करून नको. स्टुडंट फिल्मवाले हे सर्रास करतात, गाडीतून सेटपर्यंत हातात. बंद पेटीत न्या, पोलिसांना आधी कळवा, शेजाऱ्यांच्या दारावर चिठ्ठी लावा.

८. सेटवर वाद निघेल, त्यात काय बोलायचं

निघतोच. जेवणाच्या टेबलवर कुणीतरी म्हणतं बंदुकांवर बंदीच आणली पाहिजे, दुसरा म्हणतो सेकंड अमेंडमेंट (बंदूक बाळगण्याच्या हक्काची घटनादुरुस्ती), आणि नवख्याला वाटतं आपण बाजू घेतलीच पाहिजे. आधी जरा माहिती घ्या. २००८ च्या हेलर केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे, त्याच निकालात असंही म्हटलं की हा हक्क अमर्याद नाही. २०२२ च्या ब्रूएनमध्ये तो घराबाहेर बाळगण्यापर्यंत गेला. २०२४ च्या रहिमीमध्ये कोर्टाने घरगुती हिंसाचाराचा कोर्टाचा आदेश असलेल्यांकडून बंदूक काढून घेणारा कायदा कायम ठेवला. म्हणजे गाडी एकाच दिशेने चाललीय असं नाही. प्यू या संशोधन संस्थेच्या २०२३ च्या सर्वेत साधारण ३२ टक्के प्रौढांनी सांगितलं की आपल्याकडे बंदूक आहे, तेव्हा तुमच्या क्रूमध्येही असणारच, कदाचित ज्याच्याशी तुमचं सगळ्यात चांगलं जमतं त्याच्याकडेच.

माझं मत विचाराल तर सेटचा प्रश्न आणि मालकीचा प्रश्न वेगळे आहेत, पण एका ठिकाणी ते एकमेकांना चिकटतात आणि तिथेच लक्ष ठेवायला हवं. ज्या देशात गाडीच्या डॅशबोर्डात, ट्रकच्या सीटखाली, जॅकेटच्या खिशात खरी काडतुसं सहज असतात, त्या देशात लाइव्ह राऊंड सेटवर यायला कुणाचा वाईट हेतू लागत नाही. 'रस्ट'च्या तपासात सेटवर सहा लाइव्ह राऊंड सापडले. म्हणून "आमच्या मित्राची स्वतःची जुनी रिव्हॉल्व्हर आहे, तीच आणू, फुकट" हे ऐकलं की प्रोडक्शनला नाही म्हणा, मित्र कितीही भला असो. क्रूच्या वैयक्तिक बंदुका सेटच्या हद्दीत नकोत, गाडीतसुद्धा नकोत, आणि हे कॉल शीटवर लिहिलेलं असावं. इथे हक्कबिक्क कुणाचा जात नाही, सेट ही कामाची जागा आहे.

दुसरी गंमत म्हणजे बंदूकवाले लोक सेटवर बऱ्याचदा सगळ्यात कडक असतात. त्यांचे चार नियम ठरलेले: प्रत्येक बंदूक भरलेली समजा, जे उडवायचं नाही त्याच्यावर रोखू नका, नेम धरेपर्यंत बोट चापावर नको, आणि नेमाच्या मागे काय आहे ते बघा. पण सिनेमात आपण दुसरा नियम मुद्दाम मोडतो, शॉटच तसा असतो. म्हणून "मी लहानपणापासून शूटिंग रेंजवर जातो" एवढ्यावर कुणाला आर्मरर करू नका, त्याला रेंजची सवय आहे, माणसावर नळी रोखण्याची नाही. मग अ‍ॅक्टरने स्वतः तपासायची की नाही? जॉर्ज क्लूनी म्हणतो मी दर वेळी उघडून बघतो, अ‍ॅक्टर्सची युनियन म्हणते अ‍ॅक्टर हा शस्त्रांचा तज्ज्ञ नसतो, त्याच्यावर हे ढकलू नका. मला युनियनचं पटतं, पण आर्मररने अ‍ॅक्टरच्या डोळ्यांसमोर उघडून दाखवावं हे क्लूनीचंही पटतं.

९. नाही म्हणायचं असेल तर

आधी आपल्या डिपार्टमेंट हेडला सांगा, मग फर्स्ट एडीला, दोघांनाही जमलं तर मेसेजवर. वाक्य साधं ठेवा: "चेक दाखवल्याशिवाय मी नळीसमोर उभी राहणार नाही." भांडायचं नाही, कॅमेरापासून बाजूला व्हायचं, तेवढ्याने शूट थांबतं. युनियन असेल तर त्यांची सेफ्टी हेल्पलाइन असते. नोकरीवर असाल आणि तक्रार केली म्हणून काढलं तर ओशा या फेडरल कामगार सुरक्षा खात्याकडे ३० दिवसांच्या आत जावं लागतं, ती मुदत लक्षात ठेवा. फुकट काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना हे संरक्षण लागू होईलच असं नाही, तुम्ही थेट फॅकल्टीला फोन करा.

१०. पॅक अप

आर्मररची मोजणी संपल्याशिवाय सेट सोडू नका, किती ब्लँक काढले, किती उडवले, किती परत आले. रिकाम्या पुंगळ्या उडून कुठेही पडतात, लेन्सच्या केसमध्ये, सँडबॅगच्या घडीत, तुमच्या कमरेच्या पाऊचमध्ये. दुसऱ्या दिवशी तीच कॅमेरा बॅग घेऊन तुम्ही विमानतळावर स्कॅनरसमोर उभे असता, आणि केबिन बॅगेत एक न उडालेला ब्लँक निघाला तर समोरच्या ऑफिसरला तुमची फिल्म कुठली हे ऐकायचं नसतं. तेव्हा सगळ्या केसेस सेटवरच उलट्या करून झटका, खिसे तपासा, काही सापडलं तर हात न लावता आर्मररला बोलवा.